पदराची उलटी बाजू

लग्नसमारंभात भेटलेल्या दोन स्त्रियांनी एकमेकींच्या साडीचा पदर हाती घेऊन तो उलटून पाहावा, हे दृश्य तीस-चाळीस वर्षांपूर्वी महाराष्ट्रात नित्याचे होते. त्यात कुणाला आगाऊपणा वाटत नसे. पदर पाहून झाला की प्रश्न येई तो ‘कुठली?’ असा, आणि उत्तर गावाच्या नावाने दिले जाई. येवल्याची, महेश्वरची, इलकलची, बनारसची. अलीकडे प्रश्न बदलला आहे. आता ‘कोणाची?’ असे विचारतात आणि उत्तर एखाद्या डिझायनरच्या नावाने येते. गावाच्या जागी व्यक्ती आली, हातांच्या जागी सही आली. या बदलात सारेच वाईट झाले असे नाही. कल्पक डिझायनरांनी विस्मरणात गेलेली कित्येक विणकामे पुन्हा लोकांसमोर आणली. मात्र पदर उलटून पाहण्याची सवय सुटली, आणि खऱ्याखोट्याची पारख तिच्याबरोबरच गेली.

पैठणीचे उदाहरण घेतले म्हणजे हे नीट उमगते. गोदाकाठचे पैठण म्हणजे सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान. वस्त्राला नाव त्या गावाचे, पण आजचे सर्वांत मोठे विणकाम नाशिक जिल्ह्यातील येवल्यात चालते. पैठणीची सारी प्रतिष्ठा तिच्या पदरात असते. तेथे जरीच्या भूमीवर रंगीत रेशमाची नक्षी उमटते आणि ती नक्षी भरतकामाने वरून काढलेली नसते, छापलेली तर नसतेच. ती वस्त्राबरोबरच विणली जाते. प्रत्येक रंगाच्या धाग्याची स्वतंत्र तिल्ली असते. एका मोराच्या मानेला निळा, पिसाऱ्याला हिरवा, चोचीला लाल असे रंग लागले, की तितक्या तिल्ल्या एकाच ओळीत उभ्या धाग्यांतून आत-बाहेर फिरतात. जेथे एक रंग संपून दुसरा सुरू होतो, तेथे विणकर दोन्ही धागे परस्परांत अडकवतो आणि मागे फिरतो. धागा पाठीमागून ओढत पुढे नेण्याची पळवाट तो घेत नाही. म्हणूनच अस्सल हातविणीच्या पदराची उलटी बाजू सुलटीसारखीच दिसते. तेथे सुटे, लोंबते धागे नसतात.

हे काम किती संथ चालते, याची कल्पना दुकानातल्या झगमगाटात येत नाही. विणकर उभे धागे मोजतो, तिल्ली घालतो, फणीने ओळ ठोकून बसवतो, पुन्हा मोजतो. बांगडी मोर, मुनिया, आसावलीची वेल, अजिंठ्याच्या चित्रांवरून घेतलेले कमळ, अशी नक्षी जितकी दाट तितकी दिवसाकाठी होणारी वाढ कमी. साध्या पदराची पैठणी काही आठवड्यांत उतरते. मोठ्या, भरगच्च पदराच्या पैठणीला कित्येक महिने, क्वचित वर्षाहून अधिक काळ लागतो. मागावर बसलेला एक दिसत असला तरी रेशीम उकलणे, कांड्या भरणे, ताणा लावणे यांत घरातील स्त्रिया आणि वडीलधारी माणसे गुंतलेली असतात. तेव्हा किंमत विचारताना ‘एवढी कशी?’ असा उद्गार काढणाऱ्याने ती किंमत महिन्यांनी आणि माणसांनी भागून पाहावी. उत्तर पाहिल्यावर उद्गाराचा सूर बहुधा बदलेल.

आता नकलेविषयी. २००४ पासून सुमारे वीस वर्षे चाललेल्या ‘होम मिनिस्टर’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने पैठणी हे नाव महाराष्ट्राच्या घराघरांत पुन्हा नेले. मागणी वाढली, तशी यंत्रमागावरच्या पैठणीसारख्या साड्यांनी बाजार भरून गेला. बाजारात त्यांना ‘सेमी पैठणी’ म्हणतात आणि दोन-पाच हजारांत त्या सहज मिळतात. सेमी पैठणी हे पाप नव्हे. ज्या घरात वर्षाचा खर्च मोजूनमापून होतो, त्या घरातील स्त्रीलाही मोराचा पदर खांद्यावर घ्यावासा वाटतो आणि तो तिने घ्यावा. गैर आहे ते सेमीला पैठणी म्हणून विकणे. या एका शब्दाच्या गाळणीतून येवल्याच्या विणकराचे महिनाभराचे श्रम आणि यंत्राचे काही तासांचे काम एकाच भावफलकावर येतात, आणि मग ‘समोरच्या दुकानात तर चार हजारांत मिळते’ हे वाक्य त्या विणकराला ऐकावे लागते. त्याचा मुलगा माग सोडून शहरात नोकरी शोधतो, त्यामागे यंत्रापेक्षा हे वाक्य अधिक आहे.

ओळखावे कसे? पहिली परीक्षा अर्थातच पदराची उलटी बाजू. यंत्रावरच्या नक्षीत न लागणारे धागे पाठीमागे तरंगत राहतात. कधी ते कापून टाकलेले असतात आणि हाताला खरखर लागते, कधी ते झाकण्यासाठी मागे जाळीदार अस्तर लावलेले असते. येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. येवल्यातही अनेक हातमागांवर काठासाठी जकार्डचा वापर होतो. अशा काठाच्या मागे धागे दिसले म्हणून साडी खोटी ठरत नाही. ती हातमागाचीच असते, फक्त तिच्या काठाला लागलेला वेळ कमी असतो आणि तिची किंमतही त्या मानाने कमी असायला हवी. दुसरी परीक्षा रेशमाची. कडेचा एखादा सुटा धागा जाळला तर खऱ्या रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. कृत्रिम धागा वितळून त्याची टणक गोळी होते. तिसरी परीक्षा जरीची, आणि ती सर्वांत फसवी. चांदीची बारीक तार रेशमी धाग्यावर गुंडाळून तिला सोन्याचा मुलामा दिलेली जर खरी. तांब्याच्या तारेवर मुलामा दिलेली त्याखालची, आणि चमकत्या प्लॅस्टिकच्या पट्टीची सर्वांत खालची. दिव्याखाली तिन्ही सारख्याच झळकतात, किंबहुना प्लॅस्टिकची थोडी अधिकच.

दुकानातील पाट्या आणि चिठ्ठ्या यांचा अर्थही वेगवेगळा असतो, तो बहुतेक खरेदीदार लक्षात घेत नाहीत. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ मध्ये सुरू झालेले सिल्क मार्क हे चिन्ह रेशीम शुद्ध आहे एवढीच ग्वाही देते. साडी हातमागावर विणली की यंत्रावर, यावर ते काही बोलत नाही. यंत्रमागावरच्या शुद्ध रेशमी साडीलाही ते न्याय्यपणे मिळते. हातमागासाठी २००६ पासून हॅण्डलूम मार्क आहे, आणि ७ ऑगस्ट २०१५ रोजी, पहिल्या राष्ट्रीय हातमाग दिनी, इंडिया हॅण्डलूम ब्रँड सुरू झाला. १९०५ मधील स्वदेशी चळवळीच्या आरंभाची आठवण म्हणून ही तारीख निवडली गेली. पैठणीला भौगोलिक मानांकनही लाभले आहे. याशिवाय हातमागासाठी वस्तू राखून ठेवणारा १९८५ चा कायदा आहे, त्याची यादी आज अकरा वस्तूंची आहे. इतकी चिन्हे आणि कायदे असताना फसवणूक होते, कारण पाटी वाचणारे थोडे आणि पावती वाचणारे त्याहून थोडे. ‘हातमाग, शुद्ध रेशीम, जरीचा प्रकार अमुक’ हे तीन तपशील पावतीवर लिहून मागावेत. प्रामाणिक दुकानदार ते आनंदाने लिहितो. जो ‘त्याची काय गरज आहे, ताई, आपली ओळख आहे ना’ म्हणतो, त्याच्याकडे ओळख कायम ठेवून खरेदी अन्यत्र करावी.

डिझायनरच्या नावाने विकल्या जाणाऱ्या वस्त्रांना हीच दृष्टी लावता येते. शहरांतील बाजारांत ‘फर्स्ट कॉपी’ हा शब्द आता इतक्या सहजतेने उच्चारला जातो, की जणू ती एक प्रतवारीच आहे. नामांकित डिझायनरचा लेहंगा छायाचित्रावरून शिवून देणारे, परदेशी कंपनीचे चिन्ह लावलेली पर्स चार रस्त्यांच्या नाक्यावर विकणारे, यांचा धंदा जोरात चालतो. भारतीय ट्रेड मार्क कायद्याने (१९९९) खोट्या चिन्हाचा माल विकणाऱ्यास ६ महिने ते ३ वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. फ्रान्स आणि इटलीत तर असा माल बाळगणारा प्रवासी वा ग्राहकही दंडास पात्र ठरतो. पण कायदा बाजूला ठेवला तरी एक साधा प्रश्न उरतो. ज्याचे नाव मिरवायचे त्यालाच त्याच्या श्रमाचा मोबदला नाकारायचा, यात मिरवणे कुठे राहिले? नाव न लिहिलेला, गल्लीतल्या कुशल शिंप्याने मापात शिवलेला कुडता खोट्या नावाच्या लेहंग्यापेक्षा कितीतरी डौलदार दिसतो, आणि तो घालणाऱ्याला कुणी जवळून पाहू लागले तर अंग चोरावे लागत नाही.

अर्थात नावाचीही एक उलटी बाजू असते. ३० मार्च २०२३ रोजी पॅरिसच्या डिओर या संस्थेने मुंबईत गेटवे ऑफ इंडियाच्या साक्षीने आपल्या वस्त्रांचे प्रदर्शन भरवले. त्यातील भरतकाम मुंबईच्याच चाणक्य या कार्यशाळेतील कारागिरांचे होते, आणि मंचाच्या आरंभी त्यांनीच घडवलेले भव्य तोरण उभे होते. संस्थेच्या तत्कालीन प्रमुख मारिया ग्राझिया किउरी यांनी ते ऋण जाहीरपणे मान्य केले. या सोहळ्याचे कौतुक झाले ते योग्यच. पण त्यामुळे एक जुनी गोष्ट उघडही झाली. युरोपातील मोठमोठ्या नावांचे भरतकाम भारतात दशकानुदशके होत आले आहे आणि वस्त्राच्या आतल्या चिठ्ठीवर त्या हातांचा उल्लेख सहसा नसतो. भारतीय डिझायनरांतही दोन प्रकार आहेत. राहुल मिश्रा यांनी २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय वूलमार्क पारितोषिक मिळवले आणि जानेवारी २०२० मध्ये पॅरिसच्या ओट कुत्यूर सप्ताहात सहभागी होणारे ते पहिले भारतीय डिझायनर ठरले. शहरातील दाटीवाटीच्या वस्त्यांत राहणाऱ्या कारागिरांना आपल्या गावी परत जाऊन तेथूनच काम करता यावे, असा त्यांचा प्रयत्न राहिला. असे डिझायनर विणकराचे गाव सांगतात. दुसऱ्या प्रकारचे ते झाकतात. महाग वस्त्र घ्यायचेच असेल तर हा भेद विचारून घेण्याइतका अधिकार पैसे मोजणाऱ्याला नक्कीच आहे.

रेशमाविषयी लिहिताना आणखी एक प्रश्न टाळता येण्यासारखा नाही, आणि या मासिकाच्या वाचकांना तो सांगण्याची गरजही नाही. अखंड धागा मिळावा म्हणून कोष आतल्या जिवासह उकळले वा वाफवले जातात. एका साडीला असे हजारो कोष लागतात. म्हणूनच कित्येक घरांत रेशीम पूजेला वर्ज्य आहे, काही घरांत ते मुळातच येत नाही. हैदराबादच्या कुसुम राजय्या यांनी १९९० च्या दशकात याला पर्याय शोधला. पतंग कोष फोडून उडून गेल्यावर उरलेल्या कोषाचे सूत कातायचे, यालाच अहिंसा रेशीम म्हणतात. तुटलेले तंतू कातावे लागत असल्याने त्याची झळाळी मंद असते, पोत किंचित जाडसर असतो आणि किंमत अधिक पडते. आसामच्या एरी रेशमाचा कोष एका टोकाला उघडा असतो, म्हणून त्यालाही सरसकट हे नाव दिले जाते. पण ईशान्येत त्या कोषांतील अळ्या आहारात वापरल्या जातात, तेव्हा केवळ ‘एरी’ या नावावर विसंबू नये, विक्रेत्याला पद्धत विचारावी. आणि सूत आहेच. सुती पैठणी आज मिळते. उत्तम सुती जामदानीपुढे तर अनेक रेशमी साड्या फिक्या पडतात. ढाक्याच्या जामदानीला युनेस्कोने २०१३ मध्ये जागतिक अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले आहे. ज्यांना परदेशी नावाचेच आकर्षण आहे त्यांनीही पाहावे, की स्टेला मॅकार्टनी यांनी २००१ मध्ये स्वतःच्या नावाने संस्था सुरू केली ती चामडे आणि फर न वापरण्याच्या निश्चयाने, आणि ती उत्तम चालली. तत्त्व सांभाळले की शोभा जाते, हा समज कपड्यांच्या बाबतीत तरी खरा नाही.

अभिरुचीबद्दल फार नियम सांगण्यात अर्थ नाही. एक मात्र खरे, की भरगच्च पदराच्या पैठणीबरोबर भरगच्च ब्लाउज, गळाभर दागिने आणि चमचमती पर्स घातली, की सगळे एकाच वेळी बोलू लागते आणि कुणाचेच ऐकू येत नाही. काळी चंद्रकळा लाल काठासह नेसली तर मोत्यांची एक माळ पुरते. वयाने रंग ठरत नाही. सत्तरीतली आजी पोपटी रंगात खुलते आणि पंचविशीतली मुलगी पांढऱ्या शिरोदकात. मापात न बसणारे वस्त्र मात्र कोणत्याही वयाला आणि कोणत्याही नावाला शोभत नाही.

पैशाचा विचार करताना लोक आकडा पाहतात, हिशेब पाहत नाहीत. एका संध्याकाळच्या स्वागतसमारंभासाठी दीड लाखाचा डिझायनर लेहंगा घ्यायचा आणि त्यासाठी बारा टक्के व्याजाने दोन वर्षांचे व्यक्तिगत कर्ज काढायचे, हा प्रकार आता मध्यमवर्गातही दिसतो. मासिक हप्ता सुमारे ७,०६१ रुपये येतो आणि एकूण परतफेड १,६९,४६५ रुपयांच्या घरात जाते. म्हणजे साडेएकोणीस हजार रुपये केवळ व्याज, आणि तेवढ्यात हातमागाची एक साधीशी पैठणी येऊ शकते. लेहंगा बहुधा पुन्हा अंगाला लागत नाही. छायाचित्रांत एकदा आला, की तो ‘झालेला’ असतो. याउलट पैठणी तीस वर्षांत पंधरा वेळा नेसली आणि पुढे मुलीने दहा वेळा, तर एका वेळेचा खर्च किती पडला हे ज्याचे त्याने काढावे. तेच वस्त्र पुन्हा नेसण्यात कमीपणा वाटणे हा अलीकडचा विकार आहे. जुन्या घरांत ‘हिच्या लग्नात नेसले होते, तिच्या बारशाला नेसले होते’ असे साडीचे चरित्रच सांगितले जाई.

कर्ज काढून नेसलेल्या वस्त्राचा आणखी एक दोष असा, की ते उसने द्यायला मन होत नाही. पूर्वी आळीतील एखादी पैठणी चार नववधूंच्या अंगावरून फिरून येई. डाग पडेल, जर निसटेल, ही धास्ती देणारीलाही असेच. तरी ती देत असे, आणि घेणारी ती परत करताना घडी मोडून, नव्या मलमलीत गुंडाळून आणून देत असे. आज अशी देवघेव कमी झाली, कारण वस्त्राची किंमत ठाऊक असते पण शेजारीण ठाऊक नसते. औदार्याचे इतरही प्रकार आहेत, बहुतेक बिनखर्चाचे. विणकराच्या दारात जाऊन खरेदी केली तर पाचशे-हजारासाठी घासाघीस न करणे. मॉलमध्ये ती कुणी करत नाही, मग मागावर बसलेल्या माणसापाशीच हे कौशल्य का दाखवावे? साडीचे कौतुक झाले तर डिझायनरबरोबर गावाचे, ठाऊक असल्यास विणकराचेही नाव सांगणे. मानपानात व्याह्यांकडच्या बायकांना देण्यासाठी तीस स्वस्त साड्या घेण्याऐवजी तेवढ्याच पैशांत थोड्या पण नेसण्याजोग्या सुती साड्या घेणे. आहेराच्या साड्या घराघरांतून न उघडता पुढे सरकत राहतात, हे साऱ्यांनाच माहीत आहे.

आणि या पारखीचा एक वापर कधीच करू नये. भरल्या मांडवात एखादी मावशी, एखादी वहिनी सेमी पैठणी नेसून आलेली असते. ती तिने हौसेने घेतलेली असते, कदाचित फसूनही घेतलेली असते. ज्याला पदराची भाषा कळते त्याला ते चार पावलांवरून दिसते. त्या वेळी तिचा पदर उलटू नये. तिने ‘कशी आहे?’ असे विचारले तर रंगाचे कौतुक करावे, तो तिला बहुधा खरोखरच शोभत असतो. तिला ठकवणाऱ्या दुकानाविषयी बोलायचेच झाले तर ते पुढच्या खरेदीच्या आधी, घरी, एकटीला गाठून बोलावे, आणि शक्य झाले तर त्या खरेदीला बरोबर जावे.

राहता राहिला प्रश्न जपणुकीचा. पैठणी हँगरला टांगू नये, जरीच्या भाराने रेशीम ताणले जाते. धुतलेल्या मलमलीत गुंडाळून आडवी ठेवावी आणि दोन-तीन महिन्यांनी घडी बदलावी, कारण ती नेहमी घडीवरच विरते. जरीजवळ डांबराच्या गोळ्या ठेवू नयेत, अत्तर थेट पदरावर मारू नये. एवढे करूनही पन्नास-साठ वर्षांनी अंगाचे रेशीम जागोजागी फाटू लागतेच. पूर्वी अशा साड्या जरीच्या व्यापाऱ्याकडे वजनावर जात. तो त्या जाळून चांदी काढी, आणि ताजव्यात मोर किती सुबक होता याला किंमत नसे. आता तसे करण्याची घाई नको. पदर सहसा अंगाच्या आधी विरत नाही. तो सोडवून नव्या रेशमावर वा चांगल्या सुती वस्त्रावर लावून घेता येतो, काठ वेगळे काढून मुलांच्या सदऱ्यांना वा नातीच्या परकराला शिवता येतात. घरात दोन मुली असतील तर एकीला पदर, दुसरीला काठ.